फ्रीलान्सरने डिजिटल नोमॅड व्हिसा कसा मिळवावा : नागपूरकरांसाठी मार्गदर्शन

घरी बसून परदेशी क्लायंटचे काम करणाऱ्या फ्रीलान्सरला तेच काम टुरिस्ट व्हिसावर परदेशात राहून करण्याचा मोह होतो. परंतु टुरिस्ट व्हिसा कामासाठी नसतो आणि नियमभंगाची एकदा नोंद झाली की पुढचे अर्ज अवघड होऊन बसतात. अशा कामासाठी डिजिटल नोमॅड व्हिसाच, म्हणजे दुसऱ्या देशात राहून ऑनलाइन काम करण्याची परवानगी देणारा व्हिसाच काढावा.

प्रथम देश ठरवावा. थायलंडचा जुलै २०२४ पासूनचा डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) हा व्हिसा पाच वर्षांचा असून त्यावर एका प्रवेशात १८० दिवस राहता येते; त्यासाठी वय किमान २० वर्षे असावे लागते, कामाच्या पुराव्यासोबत ५ लाख बाटची शिल्लक दाखवावी लागते आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. स्पेनने २०२२ च्या अखेरीस कायदा करून असा व्हिसा आणला. तेथे स्पॅनिश किमान वेतनाच्या दुप्पट उत्पन्न, पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव आणि क्लायंटसोबत किमान तीन महिन्यांपासून सुरू असलेले काम दाखवावे लागते. स्पॅनिश क्लायंटचे काम मात्र २० टक्क्यांच्या आत ठेवावे लागते. प्रथमच जाणाऱ्याने थायलंड निवडावे, असे मला वाटते, कारण तेथे मुख्यतः शिल्लक पाहतात, तर स्पेनमध्ये कमाई सिद्ध करावी लागते.

खरा कस लागतो तो येथेच. इन्व्हॉइस, बँकेतील जमा आणि आयटीआर (आयकर विवरणपत्र) या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. समजा, धरमपेठेतील एका फ्रीलान्स अभियंत्याला वर्षात ३६ लाख रुपये मिळाले आणि कलम ४४एडीए म्हणून परिचित असलेल्या अनुमानित कराच्या तरतुदीनुसार त्याने निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली, तर आयटीआरमध्ये १८ लाखच दिसतात. आपल्या कायद्यानुसार यात गैर काहीच नाही, पण परक्या देशातील अधिकाऱ्याला ही तरतूद ठाऊक असेलच असे नाही. म्हणून या फरकाचे कारण स्पष्ट करणारे पत्र सीएकडून इंग्रजीत घ्यावे आणि प्रत्येक जमा रकमेसमोर इन्व्हॉइस क्रमांक लिहिलेला तक्ता बँक स्टेटमेंटला जोडावा. परकीय चलन जमा झाल्याचे दाखले दरमहा जपून ठेवावेत. वर्षभराचे एकदम गोळा करणे फार जिकिरीचे होते.

नावाकडेही लक्ष द्यावे. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर ते शेवटी आणि इन्व्हॉइसवर वडिलांचे किंवा पतीचे नाव गाळलेले, अशी एकाच व्यक्तीची तीन नावे आपल्याकडे सर्रास आढळतात. यापुढील इन्व्हॉइस पासपोर्टवरील नावानेच काढावीत आणि जुन्या कागदांसाठी प्रतिज्ञापत्र करून घ्यावे.

स्पेनसाठी पदवी प्रमाणपत्राचे आधी राज्य शासनाकडून साक्षांकन आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारे प्रमाणन, करून घ्यावे. मंत्रालय हे कागद नेमलेल्या एजन्सींमार्फतच स्वीकारते. पोलिसांच्या पीसीसीसाठी (गुन्हा नोंद नसल्याच्या दाखल्यासाठी) पासपोर्ट सेवा पोर्टलवर ५०० रुपये भरून अर्ज करावा, मात्र हा दाखला जुना झालेला चालत नसल्याने तो अगदी शेवटी काढावा. त्यावरही अपॉस्टिल लागते, शिवाय कागदांचा अधिकृत स्पॅनिश अनुवाद जोडावा लागतो. महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी स्पेनचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. रात्रीच्या दुरांतोने जाणार असाल तर भेटीची वेळ दुपारची घ्यावी, गाडीला उशीर झाला तरी अर्ज अडत नाही.

स्पेनमध्ये एका वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहिल्यास तेथील करनिवासी (कर आकारणीसाठी त्या देशाचा रहिवासी) ठरण्याचा प्रश्न येतो, म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच दोन्ही देशांतील दिवसांचा हिशेब सीएसमोर मांडावा.