ठाण्यात बसून फ्रान्समधल्या एका खेड्याचा इतिहास कसा शोधावा

फ्रान्समध्ये आज सुमारे ३५ हजार कम्यून, म्हणजे स्वतःचा स्थानिक कारभार असलेली गावे-शहरे, आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांची वस्ती हजाराच्या आतली आहे. अशा एखाद्या गावाचा इतिहास ठाण्यातल्या घरी बसूनही बराच खोलवर अभ्यासता येतो, कारण तिथली जुनी दप्तरे मोठ्या प्रमाणावर स्कॅन होऊन इंटरनेटवर विनामूल्य खुली झाली आहेत. फ्रेंच जुजबी आली तरी भागते. चिकाटी मात्र हवी.

गाव निवडताना पर्यटकांसाठी नटवलेली गावे टाळावीत, असे माझे मत आहे, कारण त्यांच्याविषयी मिळणारा बहुतेक मजकूर जाहिरातीच्या थाटाचा असतो. त्यापेक्षा उत्तर फ्रान्समधल्या पा-द-कॅले विभागातले न्यूव्ह-शापेल घ्यावे. मार्च १९१५ मध्ये तिथे हिंदी पलटणी लढल्या, महायुद्धात गाव भुईसपाट झाले, आणि १९२७ साली अनावरण झालेल्या स्मारकावर, ज्यांच्या कबरींचा ठावठिकाणा नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची व मजुरांची नावे कोरलेली आहेत. अशा गावातल्या इमारतींवरून गावाचे वय ठरवू नये. त्या बहुतेक युद्धानंतर नव्याने बांधलेल्या असतात.

प्रथम लोकसंख्येचे आकडे काढावेत. ते साधारण १७९३ पासून मिळतात. आलेख जिथे कोसळतो तिथे थांबून कारण शोधावे. द्राक्षबागांच्या मुलखात १८६० नंतर फायलोक्सेरा नावाच्या किडीने वेली मारल्या, इतरत्र शहरांतल्या कारखान्यांनी माणसे ओढून नेली.

त्यानंतर नकाशे. अठराव्या शतकात कासिनी या नकाशाकार घराण्याने केलेल्या नकाशावर चर्च, पाणचक्क्या आणि वाड्या दिसतात, पण खरा ऐवज १८०७ च्या कायद्यानुसार झालेल्या जमीन मोजणीत आहे. तिच्यात प्रत्येक तुकड्याला क्रमांक आहे आणि सोबतच्या नोंदवहीत मालक, क्षेत्र व जमिनीचा प्रकार लिहिलेला आहे, म्हणजे आपला गाव नकाशा आणि सातबाराच जणू. आमच्या नौपाड्यातल्या अभ्यासमंडळात तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना फ्रेंचचे अक्षरही येत नाही, तरी एका गावाच्या शीटवरचे क्रमांक नोंदवहीशी जुळवून, ओढ्याकाठची सगळी कुरणे एकाच मालकाकडे आहेत आणि उतारावरचे चिंचोळे पट्टे अनेक कुटुंबांत विभागलेले आहेत, हे त्यांनी आम्हा फ्रेंच शिकणाऱ्यांच्या आधी दाखवून दिले. गावात कोणाचा शब्द चालत असेल, हे अशा एका शीटवरून बरेच कळते.

माणसांसाठी चर्चची रजिस्टरे पाहावीत. १५३९ च्या राजाज्ञेने बाप्तिस्म्यांची नोंद सक्तीची झाली, १६६७ पासून प्रत्येक रजिस्टर दोन प्रतींत ठेवले जाऊ लागले (एक प्रत जळाली तर दुसरी शोधावी), आणि सप्टेंबर १७९२ मध्ये हे काम पाद्र्यांकडून काढून ‘मेरी’कडे, म्हणजे गावाच्या कारभार कचेरीकडे, सोपवण्यात आले. पुढे १८०५ अखेरपर्यंतच्या तारखा फ्रेंच राज्यक्रांतीने आणलेल्या नव्या पंचांगात असतात. या तारखा प्रथम नेहमीच्या इंग्रजी तारखांत रूपांतरित करून घ्याव्यात, नाहीतर पुढचा सगळा वंशक्रम चुकतो. विवाहाच्या नोंदीत वराचा धंदा आणि सही कोणी केली, कोणाला करता आली नाही, हे अवश्य टिपावे.

शाळेकडे दुर्लक्ष करू नये. १८८१-८२ च्या कायद्यांनी शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष झाल्यावर अनेक गावांत मेरी आणि शाळा एकाच इमारतीत आल्या आणि शिक्षकच कचेरीचे कारकून झाले. शतकाच्या अखेरीस यांपैकी कित्येकांनी आपापल्या गावाची माहिती हस्तलिखित स्वरूपात लिहून ठेवली. ती मिळाली तर निम्मे काम झाले. पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावरील प्रत्येक नाव फ्रान्सच्या संरक्षण खात्याच्या संकेतस्थळावर घालून पाहावे; जन्मस्थळ, पलटण आणि मृत्यूचे ठिकाण बहुधा मिळते.

एवढे झाल्यावरच मेरीला लिहावे. पत्र फ्रेंचमध्ये, छोटे आणि एकाच नेमक्या प्रश्नाचे असावे. लहान गावांत कचेरी आठवड्यातून मोजकेच तास उघडी असते, आणि तिथली वेळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास, तर हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, म्हणून फोन दुपारनंतरच करावा. ७५ वर्षांच्या आतल्या जन्म-विवाहांच्या नोंदी मागू नयेत. त्या त्रयस्थाला पाहू दिल्या जात नाहीत.