माशांच्या वर्तनावर काम करायचंय? आधी पाणी मोजा

सांगलीत एम.एस्सी. करताना प्रकल्पासाठी मी 'वाढतं तापमान आणि झेब्राफिशचं वर्तन' हा विषय घेतला. पद्धत सोपी आहे. मासा अनोळखी टाकीत सोडला की आधी तळाशी दबून राहतो, धीर आला की हळूहळू वर येतो. माझ्या गरम पाण्यातले मासे लगेच वर आले. 'भीती कमी झाली', असं मी वहीत लिहूनही टाकलं.

सरांनी एकच विचारलं, "ऑक्सिजन किती होता?" मोजलाच नव्हता. त्यात हवेचा पंपही बंद ठेवलेला. दोन महिन्यांची निरीक्षणं बाद झाली. फार रडू आलं.

त्याच मे महिन्यात एका पहाटे हरिपूरच्या संगमावर गेले. काठालगत चिलापी पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून भराभर उघडझाप करत होत्या. जाळं आवरणारे भोईकाका म्हणाले, "मासं वर आल्यात बघ. पाण्यात दम न्हाई. उन्हं चढली की जात्यात खाली." खरंच गेले. रात्रभर शेवाळही ऑक्सिजन वापरतं, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. माझे मासे धीट झालेच नसावेत, बहुधा श्वासासाठी वर येत असावेत.

20 अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साधारण 7.5. त्यात गरम पाण्यात माशाची गरज वाढलेली! म्हणून तापमान, ऑक्सिजन, पीएच, अमोनिया दर वेळी नोंदवा. महागडं मीटर नसलं तरी विंकलर पद्धत, म्हणजे रसायनं टाकून पाण्यातला ऑक्सिजन मोजायची पद्धत, येतेच की.

मेंदूकडे त्यानंतर वळा. माशांच्या मेंदूत मोठेपणीही भरपूर नव्या चेतापेशी तयार होतात, मला या विषयात धरून ठेवलं ते यानेच. 2013 मध्ये सामन माशांवरचं एक काम आलं: दगडगोटे, वनस्पती असलेल्या टाकीत वाढलेली पिल्लं भुलभुलैयातून लवकर वाट काढायला शिकली. म्हणजे तुमची रिकामी काचेची टाकी हीसुद्धा माशाच्या वागण्यावर परिणाम करणारी एक परिस्थितीच आहे.

आणि प्रत्येक चाचणीचं चित्रीकरण जपून ठेवा. आम्लधर्मी समुद्राच्या पाण्यात प्रवाळात राहणाऱ्या क्लाउनफिशची वास ओळखण्याची क्षमता बिघडते, असं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. 2020 मध्ये दुसऱ्या गटाने प्रवाळातल्या माशांवर तसेच प्रयोग पुन्हा केले, तर तसे परिणाम दिसले नाहीत. असा वाद उभा राहिला की वहीतल्या आकड्यांपेक्षा व्हिडिओच कामी येतो.

मासा पृष्ठवंशीय प्राणी आहे. प्रयोगाआधी कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीकडे विचारणा करा, परवानगीला वेळ लागतो. जूनमध्येच अर्ज द्या.