स्टेंट बसला, बायपास झाली. आता व्यायाम करताना या चुका टाळा

लातुरात फिजिओथेरपीचं काम करताना हृदयाचे पेशंट मला दोनच जातीचे दिसतात. एक, अँजिओप्लास्टी झाल्यापासून बाजेवरून उठलेलेच नाहीत; पाण्याचा तांब्यासुद्धा सुनेनं हातात द्यायचा. दुसरे, घरी आल्यावर आठव्या दिवशी नाना-नानी पार्कात तरण्या पोरांच्या बरोबरीनं झपाझप चालणारे. पहिल्यांना हलवायचं आणि दुसऱ्यांना आवरायचं, यातच माझा दिवस जातो. गोची मात्र दोघांचीही एकच: जोर किती लावायचा, हे कोणी नीट सांगितलेलं नसतं. फाईलवर ‘हलका व्यायाम करा’ एवढंच. ज्यानं चाळीस वर्षं पोती उचलली त्याचं हलकं आणि काउंटरमागं खुर्चीत बसून नोकरी केली त्याचं हलकं एक कसं असेल?

घड्याळातल्या आकड्यामागं पळणं

औशाकडचे एक मामा आले होते. वय 58, दोन स्टेंट. पुण्याच्या लेकानं मनगटाला स्मार्टवॉच बांधून दिलेलं, वर हिशेबही पाठवलेला: 220 वजा वय म्हणजे 162, त्याचे सत्तर टक्के 113.

“मॅडम, आकडा 98 च्या वर जाईनाच बघा. रोज जोर वाढवायलोय, दम लागायलाय, पण घड्याळ काही हलंना.”

मी गोळ्यांची पिशवी मागितली. त्यात मेटोप्रोलोल निघाली. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, कार्वेडिलॉल या गोळ्यांचं कामच ठोके आवरून धरणं. त्या चालू असताना 220 चा हिशेब लागू पडत नाही. मामा 113 गाठायला धापा टाकत होते आणि जोराची हद्द त्यांनी केव्हाच ओलांडली होती. यावर काही जण भलताच उपाय काढतात, व्यायामाच्या दिवशी गोळीच टाळतात. ते तर अजिबात नको. ठोक्यांचा आकडा हवाच असेल तर गोळ्या चालू ठेवून टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून ईसीजी बघायची तपासणी, करा आणि त्यावरून डॉक्टरांकडून काढून घ्या.

नाहीतर तोंड वापरा. चालता चालता शेजारच्याला सोयाबीनच्या भावाची गोष्ट पूर्ण वाक्यांत सांगता येते, पण अभंग सुरात धरला की श्वास तुटतो, हा झाला मध्यम जोर. अभंगही आरामात म्हणता आला तर पाय थोडा उचला. भाव सांगतानाच शब्द तुटायला लागले तर वेग कमी करा. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी याचीच मोजपट्टी केली, 6 ते 20 ची. 6 म्हणजे नुसतं बसलेलं, 13 म्हणजे ‘जरा जड जातंय’. सुरुवातीला बहुतेकांना 11 ते 13 मध्ये ठेवावं. अडाणी माणसालाही ही पट्टी दोन दिवसांत कळते. शिकलेलेच घड्याळ सोडत नाहीत.

जास्त जोर, जास्त फायदा?

मोबाईलवर आलेला व्हिडिओ दाखवून मला विचारतात, “चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, यानं हार्ट लवकर सुधरतं म्हणं?” हा प्रकार खोटा नाही. तब्येत स्थिर असलेल्या काही पेशंटना देखरेखीखाली तो दिलाही जातो. पण पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, हा इकोतला आकडा) 35 टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या 261 पेशंटवर युरोपात स्मार्टेक्स नावाचा अभ्यास झाला, त्याचा निकाल 2017 मध्ये आला. जोरदार आणि मध्यम गटांत दमाच्या ताकदीत ठोस फरक सापडला नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. जोरदार गटातले जवळपास निम्मे ठरलेल्या जोरापर्यंत पोचलेच नव्हते आणि मध्यम गटातले बहुतेक ठरल्यापेक्षा जास्त जोर लावत होते. तज्ज्ञांच्या नजरेखाली ही गत, तर आपल्या गल्लीत काय होईल?

आधी मिनिटं वाढवा, जोर नंतर. पाच-पाच मिनिटांचे तीन फेरे, मग दहा-दहाचे, मग सलग अर्धा तास. आठवड्याला 150 मिनिटांवर यायला काहींना तीन महिने लागतात, लागू द्या. सुरुवातीची पाच-दहा मिनिटं रमतगमत, शेवटचीही तशीच. जोरात चालून एकदम थांबलं की रक्त पायांत साठतं, बीपी उतरतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. पार्कातल्या बाकावर घामाघूम होऊन धपकन बसणारे बघितले की माझाच जीव वर-खाली होतो.

‘दिवसभर राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?’

आपल्याकडं ही चूक सगळ्यात जास्त, आणि ती पटवून देणंही सगळ्यात अवघड. शेतातल्या कामाला चढ-उतार आपल्या हातातला नसतो. फवारणीचा पंप 16 लिटरचा, भरून पाठीवर घेतला की पहिल्या मिनिटापासून पूर्ण ओझं. उसाची मोळी उचलताना माणूस दात-ओठ खातो, श्वास कोंडतो, आणि त्या क्षणी बीपी उसळतो. हापसा मारणं बायकांना कामच वाटत नाही. पण पायांपेक्षा हातांनी तेवढंच काम केलं तर ठोके आणि बीपी जास्त वाढतात. बायपास झालेल्या एका मावशी मला म्हणाल्या, “चालायला मला भ्या वाटतं, पाणी तेवढं आणते.” चालणं सोपं आणि पंधरा लिटरचा हंडा अवघड, हे त्यांच्या गावीच नव्हतं. बायपासनंतर छातीचं हाड जुळायला सहा ते बारा आठवडे जातात. तोवर हंडा, पोतं, नातवंडाला कडेवर घेणं, सगळं बंद. पुढंही ओझं उचलताना श्वास सोडत उचलायचं.

म्हणून कामाच्या दिवशीसुद्धा सकाळचं वेगळं चालणं हवं. त्यानं दमाची ताकद वाढते आणि मग तेच काम हृदयाला कमी जड जातं. उन्हाळ्यात मात्र सात-साडेसातच्या आत उरका. आपल्याकडं पारा चाळीशी ओलांडतो, आणि लघवीची गोळी चालू असेल तर घामानं बीपी आणखी उतरतो. पाणी किती प्यायचं, हे अशांनी डॉक्टरांनाच विचारावं. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, एकादशीच्या पोटी चालायला जाऊ नका.

पंपिंगच्या आकड्यावर जगणं

“पंपिंग 35 चं 38 झालं, एवढ्यासाठी सहा महिने चाललो का?” हा प्रश्न रागानं येतो. इकोतला आकडा आणि माणूस किती चालू शकतो, यांचं नातं फार सैल आहे. 40 टक्केवाला शेतात जातो आणि 55 टक्केवाला संडासापर्यंत जाऊन धापा टाकतो, हे मी रोज बघते. हृदय कमजोर असलेल्या 2,331 पेशंटवरच्या एचएफ-अॅक्शन अभ्यासात (2009) व्यायाम करणाऱ्यांचं रोजचं जगणं सुधारलेलं दिसलं. सुधारणा बेताचीच, पण पहिल्या तीन महिन्यांत आली आणि टिकली. आपल्याकडं 24 केंद्रांत, हार्ट अॅटॅक येऊन गेलेल्या 3,959 जणांवर योगावर आधारलेला कार्यक्रम तपासला गेला, निकाल 2020 चा. पुढचे झटके किंवा मृत्यू त्यानं ठोसपणे कमी झाले असं सिद्ध झालं नाही, पण आधीच्या कामांकडं परतणं सुधारलं. चालायची भीती बसलेल्यांसाठी ही चांगली सुरुवात आहे.

जगण्यातला एक भाग तर कोणी विचारतच नाही. नवरा-बायकोचा संबंध. दाराशी घुटमळतात आणि निघून जातात. दोन जिने न थांबता, छातीत न दुखता चढता येत असतील तर बहुतेकांना हरकत नसते. मात्र नायट्रेटच्या गोळ्या, म्हणजे सॉर्बिट्रेट वगैरे, घेणाऱ्यानं ताकदीची म्हणून मिळणारी सिल्डेनाफिल कधीच घेऊ नये. बीपी जिवावर बेतेल इतका पडतो.

दुखलं की ‘पित्त झालं’ म्हणणं

चालताना छातीवर दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, गार घाम, चक्कर: तिथंच थांबा. घर गाठायचा प्रयत्न नको, सोडा पिणं नको. आधी बसा, मग डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी ठेवा; उभ्यानं घेतली तर चक्कर येऊन पडाल. पाच मिनिटांत उतरलं नाही तर 108. पायांना सूज आणि तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं असेल तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टर गाठा.

औशाच्या मामांनी घड्याळ नातवाला दिलं. परवा विचारत होते, तुळजापूरला जाऊ का? तिथं जाताना पायऱ्या उतरायच्या आणि दर्शनानं पाय दमलेले असताना चढायच्या, हीच मेख. दर दहा पायऱ्यांना थांबायचं. साध्या आवाजात ‘आई राजा उदो उदो’ एका दमात म्हणता आलं तर पुढची पायरी, नाही आलं तर कडेला बसायचं, असं आमचं ठरलंय.