जुनं घड्याळ उजळवायला घेताय? आधी या चुका टाळा

जुनं लंबकाचं घड्याळ हाती आलं की पहिला मोह होतो तो ते चकचकीत करण्याचा. पेटी आणि डायल घासूनपुसून लखलखीत होतात, आत मात्र कित्येक वर्षांचं वाळलेलं तेल तसंच राहतं. खरं तर हे उलटं हवं. घड्याळ चालवायचं असेल तर यंत्र साफ व्हायलाच हवं, बाहेरच्या रूपाला मात्र शक्यतो हात लावू नये.

डायलवर ओलं फडकं फिरवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रंगवलेल्या डायलवरचे आकडे नुसत्या ओल्या बोळ्यानेही पुसले जातात. चंदेरी डायल तर फारच फसवी असते. पितळेवर चांदीचा अगदी पातळ थर असतो, मेटल पॉलिशने तो उडतो आणि खालचं पिवळं पितळ उघडं पडतं. सोनेरी मुलाम्याचंही तेच. लाकडावर लाखेचं पॉलिश असेल तर स्पिरिटने ते विरघळतं. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, तीसुद्धा रंगाचे पोपडे सुटत नसतील तरच.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या घड्याळाचे काटे किंवा आकडे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले असतील, तर त्या रंगात रेडियम असू शकतं. चमक विझली तरी किरणोत्सर्ग थांबत नाही, कारण रेडियम-२२६ चं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं आहे. असा रंग खरवडू नका, घड्याळही उघडू नका.

‘चालतंय ना, मग कशाला छेडायचं?’ हा विचार मला सर्वात घातक वाटतो. घट्ट झालेल्या तेलात धूळ आणि धातूचे कण मिसळतात आणि तो राडा कानशीसारखं काम करतो. चक्रांची पोलादी आस झिजते, ती ज्यात फिरते ते पितळेतलं गोल भोक लांबट होतं आणि चक्रांचे दात एकमेकांत नीट बसेनासे होतात. स्प्रिंग जोरकस असल्यामुळे घड्याळ तरीही चालत राहतं, म्हणून ही झीज लक्षातच येत नाही. जुन्या घाणीवर नवं तेल सोडलं तर घाण पातळ होऊन आणखी आत शिरते. गंज सोडवायचा स्प्रे तर मुळीच नको, तो मागे चिकट थर ठेवतो. साफ केल्यावर घड्याळाचंच तेल घ्या आणि आसेच्या भोकाभोवतीच्या खोलगट वाटीत थेंबभर सोडा. चक्रांच्या दातांना तेल लावायचं नसतं.

हे काम जाणकाराकडे द्या. चावी भरलेली असताना यंत्र उघडलं तर स्प्रिंग एका झटक्यात सुटते, दात तुटतात आणि बोटंही फाटतात.

बंद पडलेल्या घड्याळात दरवेळी मोठा बिघाड असतोच असं नाही. टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं आहे का, ते ऐका. नसेल तर घड्याळ तिरकं उभं असेल. काटे एकमेकांना अडत नाहीत ना? लंबक न काढता घड्याळ हलवलं असेल, तर लंबक लटकवायची पातळ पट्टी वाकलेली असू शकते. काटे मागे फिरवू नका. पुढे नेताना प्रत्येक तासाला थांबा आणि टोले पूर्ण होऊ द्या.

सगळे भाग मूळचे असलेलं दुर्मीळ घड्याळ असेल, तर मी ते न चालवता तसंच ठेवीन. दुरुस्तीला द्यायचंच असेल तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. यंत्राच्या पितळी पत्र्यावर जुन्या कारागिरांनी कोरलेली नावं आणि तारखा घासून काढू नका, असं कारागिरालाही सांगा. बदललेला प्रत्येक भाग परत मागून घ्या आणि तारखेची चिठ्ठी लावून पेटीतच जपून ठेवा.