मंडळीतल्या बायकांचा सन्मान करायचाय? मग नुसती शाल नको

मार्चमधे महिला दिन, मेच्या दुसऱ्या रविवारी मदर्स डे, आणि मंडळीत, म्हणजे चर्चमधे, दरवर्षी तोच ठरलेला कार्यक्रम. रविवारची भक्ती संपली की पाच-सहा बायकांना पुढे बोलवायचं, शाल, गुलाब, फोटो, टाळ्या, आणि मग त्याच बायका पदर खोचून मागे चहा गाळायला जातात. हे बघून बघून कंटाळा आला म्हणून लिहितेय, यावर्षी तुमच्या पंच कमिटीत (मंडळीचा कारभार बघणारी कमिटी) किंवा यूथमधे कोणी हे ठरवत असेल तर आधी हे वाचा.

सगळ्यात आधी कोणाला निवडायचं ते बघा, कारण घोळ इथेच होतो. पाळकबाई म्हणजे पाळकांची (पास्टरची) बायको, सेक्रेटरीची बायको, मोठी देणगी देणाऱ्यांची आई, अशी यादी आपोआप तयार होते. त्यांचा मान ठेवा, पण यादी तिथे संपवू नका. प्रेषित पौलाने बायबलातल्या १ तीमथ्य ५ मधे विधवांची नावं यादीत घेताना काय बघायचं ते सरळ लिहून ठेवलंय: लेकरं वाढवली का, परक्याला घरात घेतलं का, पवित्र जनांचे पाय धुतले का, अडचणीतल्यांना मदत केली का. यात आवाज गोड आहे का, साडी कोणती, शिक्षण किती असलं काही नाही. हेच प्रश्न घेऊन मंडळीत फिरा, म्हणजे "चांगली बाई कोण" असं विचारायचं नाही, "तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा डबा कोणी आणला" असं विचारायचं. दोन-तीन नावं सगळीकडून येतील, आणि त्यातलं एखादं तरी असं असेल की कमिटीला वाटेल अरे ह्या तर शेवटच्या बाकावर बसतात. मुलं नसलेल्या, लग्न न केलेल्या, मिशन हॉस्पिटलात नाइट ड्यूट्या करून भावंडांची शिक्षणं केलेल्या बायका मदर्स डेला नुसत्या टाळ्या वाजवत बसतात, त्यांना आठवणीने धरा.

आता बोलायचं काय. "प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, प्रार्थनाशील" हे शब्द कुठल्याही बाईला लावता येतात, म्हणून कोणालाच लागत नाहीत. बायबलातलं प्रेषितांची कृत्ये ९ काढा. यापोची तबीथा म्हणजे दुर्कस वारते, येशूचा शिष्य पेत्र येतो, आणि माडीवर जमलेल्या विधवा भाषण करत नाहीत, रडत रडत तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे काढून दाखवतात. एवढंच करायचं. फरक असा की तिथे पेत्राने तिला उठवलं, आपल्याकडे तसा पेत्र येणार नाही त्यामुळे बाई जिवंत असतानाच दाखवा. समजा तुमच्याकडे एक काकू दर शनिवारी संध्याकाळी प्रभुभोजनात द्राक्षरस द्यायचे ते छोटे ग्लास गरम पाण्यात धुऊन, पांढऱ्या फडक्यावर उपडे घालून, रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन ट्रेमधे लावतात, तर तो ट्रेच पुढे आणा आणि एवढंच सांगा की हे कोण करतं, कधीपासून करतं, आणि त्या आजारी होत्या त्या रविवारी काय धावपळ झाली. दोन मिनिटं पुरतात. विशेषण एकही नको. आणि बोलणारा पण पाळकच असायला हवा असं नाही, ज्याला त्या बाईचा उपयोग झाला त्यालाच उभं करा, तो अडखळला तरी चालेल.

एक गोष्ट मात्र पक्की करा, आधी तिला विचारा. नवरा पीत होता, सासू छळायची, मुलगा बघत नाही, हे तिने महिला मंडळाच्या प्रार्थनेत रडून सांगितलेलं असतं, ते माईकवर साक्ष म्हणून, म्हणजे देवाने काय केलं याचा अनुभव म्हणून, सांगायचा हक्क आपल्याला नाही. काहींना पुढे यायचंच नसतं, मग घरी जाऊन प्रार्थना करा, चहा घ्या, झालं.

जेवणाचं एका ओळीत सांगते, त्या दिवशी पुरुषांनी करायचं आणि भांडी पण पुरुषांनीच घासायची, पुलाव बिघडला तरी चालतं.

आता जरा अवघड भाग, पैसा आणि काम. बाईने पुलपिटवरून उपदेश करावा की नाही यावर मंडळ्यांची मतं वेगळी आहेत, तो वाद इथे नको. पण रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय सगळ्यांच्याच बायबलात आहे ना. पहिलंच नाव फीबीचं, किंख्रियाच्या मंडळीची सेविका, आणि पौल म्हणतो तिला ज्या कशाची गरज पडेल त्यात तिला मदत करा. पुढे प्रिस्का, मरीया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस अशी नावं येतात आणि जिथे तिथे हिने श्रम केले, हिने श्रम केले. म्हणजे जी बाई संडे स्कूल चालवते तिला फूल देण्याआधी विचारा खडू, चित्रं, मुलांचा खाऊ याचे पैसे कोण देतं, बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असतं, तीच. ते बजेटमधे घ्या. आयुष्यभर गावोगाव फिरून बायकांना बायबल सांगणारी एखादी म्हातारी बायबल बाई असेल तर तिच्या औषधाची सोय करा. १ तीमथ्य ५ मधे विधवांचा सन्मान कर म्हटलंय तिथे पोटापाण्याचीच गोष्ट चाललीय, आणि आधी मुला-नातवंडांनी बघावं असंही लिहिलंय, तेव्हा मुलगा पुण्यात फ्लॅटमधे आणि आई गावात एकटी अशी केस असेल तर पाळकांनी त्या मुलाशी पण बोलावं, जरा कडक.

घरी काय करायचं? बऱ्याच ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी नीतिसूत्रे ३१ मधला सद्गुणी स्त्रीचा भाग बायकोसाठी म्हटला जातो, बायकोला तपासायला नाही, तिची स्तुती म्हणून. आपल्याकडे लग्नाच्या उपदेशात हाच भाग नवरीला कामाची यादी असल्यासारखा ऐकवतात. त्यातली बाई शेत विकत घेते, कमाईतून द्राक्षमळा लावते, गरिबाला हात देते, आणि शेवटी तिच्या हातांचं फळ तिलाच द्या असं म्हटलंय. तर नवरोबांनी एकदा तो मोठ्याने वाचावा आणि पगार तिचा असेल तर एटीएम कार्ड पण तिच्याकडेच असू द्यावं.

मुलांना सांगायला आपल्याच भाषेतल्या बायका आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८९ मधे मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे दुष्काळातल्या मुलींना आणून केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केलं आणि १९२२ मधे गेल्या. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा अशी नव्हतीच, तरी नवऱ्याचं, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं, अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे येशूवरचं काव्य त्यांनी पुरं केलं. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं, संडे स्कूलची एक सहल तिकडे न्या, आधी फोन करून परवानगी घ्या.

आणि मोबाइल आहेच सगळ्यांकडे, तर मंडळीतल्या म्हाताऱ्या बायकांना अर्धा-अर्धा तास बोलतं करून रेकॉर्ड करा. "तुमची साक्ष सांगा" म्हटलं की त्या पाठ केलेलं सांगतात, त्याऐवजी विचारा की पहिलं बायबल कोणी दिलं, दुष्काळात घरात काय शिजायचं, उपासना संगीतातलं (आपल्या भक्तीच्या गीतांच्या पुस्तकातलं) कुठलं गाणं आईकडून आलं. ते गाणं म्हणून घ्या, बऱ्याचदा चाल आजच्यापेक्षा वेगळी निघते. फाइलला नाव आणि तारीख तिथेच टाका आणि कॉपी त्यांच्या घरच्यांना पण द्या, मंडळीच्या पेनड्राइव्हमधे ठेवलेलं पुढच्या सेक्रेटरीला कधी सापडत नाही.