डोळा मिटताना आवळणारी हनुवटी सैल कशी करावी

चेहऱ्याच्या लकव्यातून सावरलेलं माणूस समोर बसलं की मी आधी हनुवटी बघते. खालच्या पुढच्या दातांखाली जबड्याच्या हाडातून निघून हनुवटीच्या कातडीत शिरणारा मेंटॅलिस हा छोटा स्नायू तिथे असतो. मूल रडकुंडीला आलं की खालचा ओठ पुढे येतो, हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात. ते याचंच काम.

तोंड वाकडं झालं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कपाळाला दोन्हीकडे नीट आठ्या पडतात आणि फक्त खालचा चेहरा ओघळलाय, तर मेंदूच्या पक्षाघाताची शंका घेऊन थेट हॉस्पिटलात जा. बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेला अचानक येणारा लकवा, असेल तर स्टिरॉइडच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या. दिवसा डोळ्यात थेंब, रात्री पापणीवर पट्टी.

आता अवघड भाग. दुखावलेली चेहऱ्याची नस रोज साधारण 1 मिलिमीटर वाढते, आणि वाढताना डोळ्याकडे जाणारे तिचे काही धागे हनुवटीकडे वळतात. मग काही महिन्यांनी डोळा मिटला की हनुवटीही आवळते. थंडीत निफाड-दिंडोरीकडची माणसं "पहाटे फवारणीला गेलो, गार वारं लागलं" म्हणत नाशिकला येतात, तोवर कुणीतरी त्यांना फुगे फुगवायला आणि च्युइंगम चघळायला सांगितलेलं असतं. हे बंद करा. जोर लावला की चुकीची जोडी पक्की होते.

सुरुवातीच्या वर्षांत हीच चूक माझ्या हातून झाली. द्राक्षबागेत राबणाऱ्या एका मावशींना मी "जोरात मिटा, अजून जोरात" म्हणत रोज शंभर वेळा डोळा मिटायला लावला. पुढे त्या साधी पापणी लववायच्या तरी हनुवटीवर खड्डे पडायचे. ते खड्डे मी विसरलेले नाही.

तेव्हापासून असं करून घेते. आरशासमोर बसा. ओठ मिटलेले, दात एकमेकांना न टेकलेले. डोळे पूर्ण मिटले की आरसा दिसत नाही, म्हणून तर्जनीचं टोक हनुवटीवर अलगद ठेवा, दाबू नका. आता पेंग आल्यावर पापणी खाली येते तशी, सावकाश आणू लागा. बोटाखाली कातडी जराशी जरी थरथरली, तिथेच थांबा, डोळा उघडा. पुढच्या खेपेला त्या जागेच्या किंचित अलीकडेच थांबा. पापणी अर्धीच आली तरी चालेल, हनुवटी हलता कामा नये. एका वेळी पाच-सहा खेपा, दिवसातून दोनदा. दमलात की सोडा, दमलेला चेहरा जोर लावतो.

या व्यायामाच्या आधी एकदा हात धुऊन अंगठा खालच्या ओठाच्या आत, तर्जनी बाहेर धरून हनुवटीचं मांस हलकेच खाली ताणा, अर्धा मिनिट.

तीन-चार महिने नेमाने करूनही हनुवटी आवळलेलीच राहिली, तर चेहऱ्याच्या नसेचं काम जाणणाऱ्या डॉक्टरांना बोटॉक्सबद्दल, म्हणजे स्नायू काही महिने सैल ठेवणाऱ्या इंजेक्शनबद्दल, विचारा. मेंटॅलिसमध्ये अगदी थोडा डोस पुरतो, आणि त्याचा असर असेपर्यंतचे महिने हाच व्यायाम करायला सगळ्यात चांगले.