स्की येतं, गर्दी नको: स्वित्झर्लंडमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

तुम्ही गुलमर्गला अफरवटच्या उतारांवर तयार झाला असाल किंवा आधीच्या नोकरीच्या देशात चार-पाच हिवाळे घालवले असतील, तर इथल्या ऑफिसात पहिल्याच डिसेंबरमध्ये तुम्हाला झेरमाटचं नाव सांगतील. जागा भव्य आहे, केबल कार थेट ३,८८३ मीटरवर नेते. पण फेब्रुवारीतल्या शनिवारी तिथे जाणं म्हणजे पावसाळ्यातल्या रविवारी सिंहगड चढणं. टिटलिस हा पर्यटकांचा आवडता डोंगर आई-बाबा आले की दाखवा.

मी सतरा वर्षं झुरिकजवळ राहतेय. पहिली काही वर्षं मी माहितीपत्रकातला ‘एकूण इतके किलोमीटर उतार’ हा आकडा बघून जागा ठरवायचे आणि प्रत्येक वेळी लिफ्टच्या रांगेत उभी राहायचे. आता उलटं करते. तिथे काय नाही, ते आधी बघते. लहान मुलांचे सोपे उतार नाहीत, मोठं गाव नाही, संध्याकाळचे बार नाहीत, असं दिसलं की नवखे आणि हौशी लोक आपोआप दुसरीकडे जातात. उरतो तो डोंगर आणि मोजकी माणसं.

या कसोटीवर माझी पहिली पसंती आग्नेयेकडच्या एंगादिन दरीतल्या दियावोलेत्साला. पोन्त्रेसिना गावाहून बर्निना मार्गावरची लाल गाडी पकडा. ‘बर्निना दियावोलेत्सा’ स्टेशन सुमारे २,०८० मीटरवर आहे आणि केबल कार तिथूनच सुटते. वर २,९७८ मीटरवर उतरलात की समोर ३,९०० मीटरचा पिट्झ पालू आणि त्याच्या उजवीकडे ४,०४९ मीटरचा पिट्झ बर्निना. मी कितीदा गेले तरी पहिली पाच मिनिटं बूट आवळायचे राहून जातात. रस्त्यापलीकडे लागाल्ब आहे, तो अधिक चढा आणि पाय घट्ट असणाऱ्यांचाच. तिथली केबल कार चालू आहे ना, ते त्या दिवशी सकाळी बघूनच निघा.

खरं वैभव म्हणजे दियावोलेत्साहून पेर्स आणि मोर्तेराच या हिमनद्यांवरून उतरणारी वाट. साधारण १० किलोमीटर, मशीनने सारखी न केलेली, पिवळ्या खुणांची. स्वित्झर्लंडमध्ये पिवळी खूण म्हणजे हिमस्खलनापासून सुरक्षित ठेवलेली, पण न दाबलेली वाट. सोप्यापासून अवघड उतारांपर्यंतचा निळा-लाल-काळा हा क्रम येत असला तरी हा रंग नव्याने शिकावा लागतो. वाट उघडी असेल तरच जा आणि खुणांबाहेर पाऊलही टाकू नका. हिमनदीतल्या भेगा ताज्या बर्फाखाली अजिबात दिसत नाहीत. शेवटचा टप्पा सपाट आहे, तिथे काठ्या मारत ढकलत जावं लागतं. मोर्तेराचची मोजणी १८७८ पासून होते आहे आणि तेव्हापासून ती जवळपास तीन किलोमीटर मागे सरकली आहे. खालच्या मोकळ्या दरीतून जाताना ते अंतर तुम्ही प्रत्यक्ष कापत असता. मला तिथे दर वेळी वाईट वाटतं.

उंचीची किंमतही आहे. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के. झुरिकहून पहाटे निघून त्याच दिवशी वर जोर लावू नका, पोन्त्रेसिनाला आदल्या रात्री मुक्काम करा. आणि या पट्ट्यात झाडं नाहीत. ढग उतरला की जमीन आणि आभाळ एक होतं, उतार कुठे वळतो तेही कळत नाही. एकदा मी अशात अर्धा तास एका खांबाला टेकून थांबले होते. ढगाळ दिवसासाठीची गॉगलची फिकट काच खिशात असू द्याच. वाऱ्याच्या दिवशी केबल कार बंद राहते, म्हणून परतीचं बुकिंग सैल ठेवा.

खुणांबाहेर जाणारे असाल तर दावोसच्या बर्फ-संशोधन संस्थेचं हिमस्खलन पत्रक संध्याकाळी ५ वाजता वाचायची सवय लावा. पातळ्या १ ते ५. तीन हा मधला आकडा दिसतो, पण निर्धास्त व्हायचा नाही.

विम्याचं नवीन लोक हमखास विसरतात. आठवड्याला एकाच मालकाकडे किमान ८ तास नोकरी असेल, तर सुट्टीतल्या अपघाताचा विमा नोकरीतूनच असतो. नोकरी न करणाऱ्या जोडीदाराला तो नसतो. त्यांच्या आरोग्य विम्यात ‘अपघात’ जोडलेला आहे का, ते आजच तपासा. मूळ आरोग्य विमा डोंगरातल्या सुटकेचा निम्माच खर्च देतो, तोही वर्षाला ५,००० फ्रँकपर्यंत. हेलिकॉप्टरसाठी रेगा या हवाई सुटका सेवेचा क्रमांक १४१४.

एंगादिन लांब वाटलं तर लोएचेनटाल दरीतलं लाउखर्नआल्प बघा, लिफ्ट ३,१११ मीटरपर्यंत जाते. शक्य तर मंगळवार-बुधवार निवडा आणि झुरिकच्या शाळांच्या फेब्रुवारीतल्या सुट्ट्या टाळा. मार्चमध्ये या उंचीवर बर्फ चांगला टिकलेला असतो आणि दिवस मोठा असतो. दियावोलेत्साच्या वरच्या मुक्कामाच्या घरात एक रात्र राहिलात, तर सकाळी पहिली केबल कार यायच्या आधी उतार तुमच्या पायाखाली असतो.